पट कमी कुणी केला?

शाळा बंद करायची असली तरी सरकार ‘बंद’ हा शब्द कधी वापरत नाही. आधी म्हणायचे ‘स्थलांतर’, मग आलं ‘समायोजन’, आता ‘समूह शाळा’. शब्द बदलतो, पाड्यावरच्या खोलीला लागणारं कुलूप तेच राहतं. पाड्यापाड्यांच्या बैठकीत आता वनदाव्याच्या बरोबरीनं हा प्रश्न निघतो, आणि बायाच जास्त विचारतात: आमच्या शाळेचं काय होणार? म्हणून या अंकात दाव्यांच्या बातम्या मागे ठेवून शाळेवर लिहीत आहोत. ज्यांना वाचता येतं त्यांनी इतरांना वाचून दाखवावं.

कुणी म्हणेल, संघटना जमिनीची, हिचा शाळेशी काय संबंध? संबंध मुळातलाच आहे. पाड्याचा पट कमी का, हे खोदत गेलं की खाली जमीनच लागते.

आधी कागद बघू. २१ सप्टेंबर २०२३ ला पुण्याच्या शिक्षण आयुक्त कार्यालयातून राज्यभर पत्र गेलं. २० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा उभ्या करण्याचे प्रस्ताव पाठवा, असा त्याचा मतलब. अशा शाळा राज्यात मोजल्या गेल्या १४,७८३. त्यांत मुलं १,८५,४६७ आणि मास्तर-बाई २९,७०७. नमुना म्हणून दोन गावांची नावं पुढे केली, नंदुरबारचं तोरणमाळ आणि पुणे जिल्ह्यातलं पानशेत. हे पहिलं पाऊल नव्हतंच. डिसेंबर २०१७ मध्ये १० आणि त्याहून कमी पटाच्या १,३१४ शाळा हलवायचा निर्णय झाला होता. तेव्हाही ओरड झाली, २०२३ लाही झाली. ओरड झाली की मंत्री सांगतात, एकही शाळा बंद करणार नाही.

आणि मग १५ मार्च २०२४ चा शासन निर्णय येतो, संच मान्यतेचा. संच मान्यता म्हणजे कोणत्या शाळेला किती मास्तर द्यायचे त्याचा हिशेब. त्या हिशेबात सहावी ते आठवीला मिळून २० पेक्षा कमी मुलं असली तर त्या वर्गांना मास्तर शून्य. आता बघा, शाळा बंद करायचा हुकूम कुठेच नाही. फक्त मास्तर नाही. विहिरीला हात लावत नाहीत, पोहरा तेवढा काढून नेतात.

आता पानशेतचं बघू, कारण तोच नमुना आपल्या डोंगरपट्ट्यावर बसवणार आहेत. आजूबाजूच्या वाड्यांवरच्या लहान लहान शाळांतली पोरं गाडीनं एका जागी आणायची. तिथे चांगली इमारत, वर्गाला वेगळा मास्तर, खेळायला मैदान. ऐकायला वाईट काही नाही. आपल्या पोरांना चांगली इमारत नको असं आपण कधीच म्हटलेलं नाही. पण पानशेतच्या खोऱ्यात वाड्या अशा विखुरल्या का, पट १०-१२ वर का आला, हे त्या नमुन्यात कुणी लिहीत नाही.

पानशेतचं धरण आंबी नदीवर. पुण्यात १२ जुलै १९६१ च्या पुराची आठवण अजून निघते, धरण फुटलं आणि शहरात पाणी शिरलं म्हणून. त्या दुःखाला आमचं नाही म्हणणं नाही. पण धरणाच्या वरच्या अंगाला जे बुडालं ते एका दिवसाचं नव्हतं. खोऱ्यातली भाताची खाचरं, नदीकाठचं गावठाण, गुरं बसायची गोठण हे सगळं पाण्याखाली गेलं ते गेलंच. काही लोक उठून पूर्वेकडे गेले, काही डोंगराच्या अंगाला वर सरकले. वर सरकले तिथे वनखात्याची हद्द. एका गावाच्या चार वाड्या झाल्या. शेजारी मोसे नदीवर वरसगावचं धरण, तिथेही तेच. आज खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर या धरणांवर पुणं पाणी पितं. वरसगावच्या पाण्याकाठी लवासा नावाचं शहर वसवायला डोंगर मिळाला. आणि जंगलकडेच्या वाडीला शाळेची दुसरी खोली बांधायची म्हटलं की वनखात्याचा गार्ड येऊन उभा राहतो.

म्हणजे आधी जमीन काढून घेतली. गाव फुटलं. फुटलेल्या वाडीत जगायला काही नाही म्हणून तरणी माणसं पुण्याला हमालीला, बांधकामावर गेली. मागे राहिली म्हातारी आणि थोडी पोरं. मग पुण्यातूनच पत्र: तुमचा पट कमी आहे. अहो, पट कमी कुणी केला?

हे नुसतं पानशेतचं नाही. नाशिक जिल्ह्यात इगतपुरी तालुक्यातली दरेवाडी घ्या. भाम धरणानं उठवलेली आदिवासी वस्ती. २०२३ मध्ये तिथल्या पोरांची शाळा गेली तेव्हा आईबाप आणि पोरं नाशिकला जिल्हा परिषदेवर चालत गेली. मागणी काय, तर शाळा देत नसाल तर आमची दप्तरं परत घ्या आणि आम्हाला राखायला बकऱ्या द्या. पेपरवाल्यांनी ती बातमी गंमत म्हणून छापली. त्यात गंमत काही नाही. पोरांना नेमकं कळलं होतं की शाळा गेली की आपल्या हातात काय येणार.

आता साहेबांची बाजू ऐकू. ती कच्ची नाही. ते म्हणतात, पाच वर्गांत मिळून बारा मुलं, त्यांना दोन मास्तर. सहा पोरांमागे एक पगार, हे परवडत नाही. दुसरं म्हणतात, एवढ्या थोड्या पोरांत मुलाचं ‘सामाजिकीकरण’ होत नाही. तिसरं म्हणतात, या शाळांत शिकवलं जात नाही, पाचवीच्या पोराला दुसरीचं वाचता येत नाही.

दुसरं आधी घेतो, कारण त्याचा राग जास्त येतो. ज्या पोराला पाड्यावरची सगळी घरं, सगळी नाती, कुणाच्या गाईला कधी वासरू झालं हे तोंडपाठ आहे, जे जत्रेला, लग्नाला, पडकईच्या कामाला आईबापाबरोबर शंभर माणसांत वावरतं, त्याला सामाजिकीकरण येत नाही म्हणे. आणि चौदाव्या मजल्यावर दार लावून बसलेल्या पोराला ते येतं!

पैशाचं म्हणाल तर हिशेब पुरता मांडा. आदिवासी विकास खातं आपलीच पोरं नामांकित म्हणून निवडलेल्या खाजगी इंग्रजी निवासी शाळांत पाठवतं आणि त्या संस्थेला एका पोरामागे वर्षाला ५० ते ७० हजार रुपये मोजतं. तो पैसा परवडतो. जिल्हा परिषदेच्या खोलीवर कौलं घालायला मात्र पैसा नाही. गाडी देणार म्हणतात. गाडी कोण देणार, डिझेल कोण भरणार, आणि देणाऱ्या कंपनीचा दोन वर्षांनी मूड गेला तर मग काय? डोंगरातला रस्ता जूनमध्ये खचला की एसटी महिना महिना येत नाही, तिथे शाळेची गाडी येईल यावर कुणी भरवसा ठेवावा? सहा वर्षांच्या पोरीला ओढा ओलांडून फाट्यावर उभं करायला कोणती आई तयार होईल? पहिल्या वर्षी मोठी पोरगी गळते. गाडीच्या वेळेला तिला लहान भावंडं सांभाळायची असतात. दुसऱ्या वर्षी धाकटी गळते. कागदावर मात्र ती समूह शाळेच्या पटावर असतात.

गाडी नाही तर आश्रमशाळेत घाला, असंही सांगतात. आश्रमशाळांतल्या मुलांच्या मृत्यूंची चौकशी करायला नेमलेल्या डॉ. साळुंखे समितीनं २०१६ मध्ये अहवाल दिला. पंधरा वर्षांत हजाराहून जास्त मुलं गेली होती. साप, ताप, पाण्यात बुडून, वेळेवर दवाखाना नाही म्हणून. आश्रमशाळेत शिकून पुढे गेलेले कितीतरी जण आपल्यात आहेत, त्या मोडा असं आम्ही म्हणत नाही. पण पहिलीच्या पोराला आईपासून तोडून तिथे ठेवायचं की नाही हे आईनं ठरवायचं, पटाच्या आकड्यानं नाही.

तिसरा मुद्दा शिकवण्याचा, आणि इथे आपल्यालाही कडू बोलावं लागेल. शाळा वाचवा म्हणजे मास्तरची खुर्ची वाचवा, असा आमचा अर्थ नाही. आपल्या भागात असे पाडे आहेत जिथे मास्तर अकराला येतो आणि दोनला फटफटी चालू करतो. पाडा बघतो आणि गप्प बसतो, कारण दाखल्यावर सही त्याचीच लागते. ज्यांच्या हातात थोडा पैसा आला ते पोरगं तालुक्याच्या इंग्रजी शाळेच्या व्हॅनमध्ये बसवतात, आणि ते पोरगं ना धड इंग्रजी शिकतं ना मराठी. पण पाड्यावरचा एक आकडा त्यानं कमी होतो. शाळा व्यवस्थापन समितीत चारातले तीन पालक आणि निम्म्या बाया असाव्यात असा कायदा आहे. किती ठिकाणी ती समिती मास्तरच्या वहीत आहे आणि पाड्याला पत्ता नाही?

तरी पण पोरं मागे का पडतात, याचं सगळं माप मास्तरच्या आळसावर टाकायचं नाही. एकच मास्तर, पाच वर्ग. त्यालाच खिचडीचा हिशेब, मतदार यादी, रोजची ऑनलाइन माहिती. पोरगं घरी बोलतं कातकरी, ठाकरी, भिली, पावरी. पहिलीच्या पुस्तकातली मराठी त्याला परकी. दोन वर्षं त्याला भाषा कळायलाच जातात आणि तोवर तपासणीचा साहेब येऊन ‘अप्रगत’ लिहून जातो. त्याच पोराला झाडाझाडाचं नाव, कोणता कंद कधी काढायचा, कोणत्या ओढ्याला मासा कधी चढतो ते विचारा. ते तपासणीच्या कागदात नाही. आम्ही जंगलाचं ज्ञान पुरे, अक्षर नको असं म्हणत नाही. अक्षर पाहिजेच, सातबारा वाचता आला पाहिजे. पण पोराच्या बोलीतून अक्षरापर्यंत नेणारा मास्तर पाहिजे, आणि तो पाड्यावर टिकला पाहिजे.

मास्तर टिकला आणि गाव उभं राहिलं तर काय होतं, त्याचा दाखला पुणे जिल्ह्यातच आहे. खेड तालुक्यात जालिंदरनगरची जिल्हा परिषदेची शाळा. २०२२ च्या सुमाराला तिथे पोरं उरली होती तीन. २०१७ च्या नियमानं ती कधीच कुलपात गेली असती. गाव आणि मास्तर एकत्र आले, पट शंभराच्या वर गेला, आणि २०२५ मध्ये त्या शाळेला जगातल्या उत्तम शाळांच्या स्पर्धेत लोकांच्या पसंतीचं बक्षीस मिळालं. पट हा मेलेला आकडा नाही, हे यातून कळतं. पण यातून उलटा धडाही कुणी काढू नये. जालिंदरनगरला आजूबाजूची गावं आहेत, रस्ता आहे. पंधरा घरांच्या पाड्याला शंभर पोरं कुठून येणार? त्या पाड्याची शाळा बारा पोरांचीच असणार, आणि बारा पोरांचीच चांगली असली पाहिजे.

सरकारला हे एकेकाळी कळत होतं. २००० सालानंतर त्यांनीच वस्तीशाळा काढल्या, मोठ्या शाळेपर्यंत पोहोचू न शकणाऱ्या छोट्या वस्त्यांसाठी. गावातलाच शिकलेला पोरगा किंवा पोरगी तुटपुंज्या मानधनावर शिकवायची. झाडाखाली, कुणाच्या ओट्यावर भरणाऱ्या त्या शाळा पुढे जिल्हा परिषदेच्या नियमित शाळा झाल्या. तेव्हा लहान वस्ती म्हणून शाळा दिली, आता लहान वस्ती म्हणून शाळा काढून घेतात.

कायदा काय म्हणतो? २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. पाचवीपर्यंतची शाळा १ किलोमीटरच्या आत आणि आठवीपर्यंतची ३ किलोमीटरच्या आत पाहिजे. राज्याच्या २०११ च्या नियमांत किमान २० मुलांची गोष्ट आहे आणि साहेब लोक तिथेच बोट ठेवतात. पण ती अट शाळा कुठे काढायची त्यासाठी आहे. चालू शाळा मोडायचा परवाना म्हणून ती लिहिलेली नाही. अंतर मोजतात तेही नकाशावर. आपल्याकडे नकाशावरचा १ किलोमीटर श्रावणात ओढ्याच्या पलीकडे जातो.

पुण्याचाच विषय आहे तर जोतिबांची आठवण काढल्याशिवाय पुढे जाता येत नाही. याच पुण्यात भिडेवाड्यात १८४८ साली जोतिबा आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली. आणि १८८२ साली इंग्रज सरकारच्या हंटर कमिशनपुढे जोतिबांनी निवेदन दिलं. त्यात त्यांनी सरकारला सरळ विचारलं की तिजोरी भरते शेतात राबणाऱ्याच्या घामानं, मग शिक्षणाचा पैसा वरच्या वर्गाकडे का जातो? बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, अशी मागणी त्यांनी तेव्हा केली. जमीनसाऱ्याच्या रुपयामागे एक आणा लोकलफंडाची पट्टी शेतकऱ्याकडून घेतली जायची आणि त्यातला हिस्सा शिक्षणाला ठेवलेला असायचा. म्हणजे गावच्या शाळेचा पैसा जमिनीतूनच निघाला आहे. ती सरकारची मेहेरबानी कधीच नव्हती.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते. शाळेत फळा-खडू असतो तसं एक जाडजूड पुस्तक असतं, दाखलखारीज, म्हणजे जनरल रजिस्टर. त्यात आपल्या आज्याचं, बापाचं नाव, जात आणि गाव लिहिलेलं असतं. जातीच्या दाखल्याची पडताळणी करताना ६ सप्टेंबर १९५० च्या आधीची नोंद मागतात. ती कुठे सापडते? सातबारा आपल्या नावावर नव्हता, घरपट्टीची पावती नव्हती. सापडली तर शाळेच्या त्या पिवळ्या पानावर सापडते. वनहक्काच्या दाव्यातही पाडा तिथे वर्षानुवर्षं वसलेला आहे हे दाखवायला शाळा आणि तिच्या नोंदी कामी येतात. शाळा हलली की ते रजिस्टर कुठे जातं? दुसऱ्या शाळेच्या कपाटात, केंद्रप्रमुखाच्या घरी, नाहीतर उंदराच्या पोटात. मग दहा वर्षांनी पडताळणी समिती म्हणणार, पुरावा नाही. आणि वनखातं म्हणणार, इथे गाव कधी होतंच कुठे? म्हणून शाळेला लागलेलं कुलूप हे पाड्याच्या नावावर मारलेली काट आहे.

तेव्हा कामाला लागायचं. जूनची वाट बघायची नाही.

पहिलं म्हणजे पटाचं. मास्तर किती द्यायचे ते ३० सप्टेंबरच्या पटावर ठरतं, आणि त्यातही आधार जुळलेलीच पोरं धरतात. कातकरी वस्तीत कितीतरी पोरांचं आधार नाही, असलं तर नावात चूक, जन्मतारखेत चूक. पोरगं रोज शाळेत बसतं आणि सरकारच्या यादीत ते नसतं. प्रत्येक पाड्यानं वही घेऊन सहा ते चौदा वर्षांची सगळी पोरं घरोघर मोजायची, मास्तरकडची यादी समोर ठेवून ताडून बघायची. यात आपली दहावी-बारावी झालेली पोरं-पोरी कामाला लावा.

दिवाळीनंतर वीटभट्टीला, उसाला, कोळशाला जाणाऱ्यांनी पोरांना मागे ठेवायची सोय मागायची. हंगामी वसतिगृहाची योजना आहे. आजी-आजोबांकडे पोर ठेवून त्याच शाळेत शिकू द्यायला ती आहे, पण मागितल्याशिवाय कुणी देत नाही आणि उशिरा मागितली तर हंगाम संपतो.

इमारतीसाठी वनखात्याची जागा लागत असेल तर वनहक्क कायद्याचं कलम ३(२) वाचून घ्या. शाळेसाठी १ हेक्टरपेक्षा कमी वनजमीन देता येते. हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडावी लागत नसतील आणि ग्रामसभेची शिफारस असेल तर. गार्ड अडवायला आला तर त्याला हे कलम दाखवा. आंबेगाव-जुन्नरच्या अनुसूचित गावांना पेसाचा आधार वेगळा आहे. वेल्हे, मुळशी, मावळ अनुसूचित क्षेत्रात नाहीत, पण वनहक्क कायदा तिथेही पूर्ण लागू आहे. कुणी नाही म्हटलं तर लेखी मागा.

आणि ठराव. ग्रामसभेत असा ठराव घ्यायचा की या पाड्याची शाळा ग्रामसभेला विचारल्याशिवाय हलवू नये, मास्तरचं पद रिकामं ठेवू नये, आणि कोणत्याही कारणानं शाळा हलली तरी जनरल रजिस्टरच्या पानापानाची साक्षांकित प्रत पाड्याकडे द्यावी. ठरावाखाली आयांच्या सह्या, नाही तर अंगठे, जास्त असू द्या. एक प्रत गटशिक्षणाधिकाऱ्याला, एक जिल्हा परिषदेला, एक पुण्याला शिक्षण आयुक्तांना रजिस्टर पोस्टानं पाठवायची. पोच आणि पोस्टाची पावती सांभाळून ठेवा, त्यांची झेरॉक्स संघटनेच्या कचेरीत द्या. ज्या पाड्यांवर १९५० च्या आधीची रजिस्टरं अजून आहेत त्यांनी आत्ताच कळवावं. मोबाइलवर फोटो काढायला आपले दोन कार्यकर्ते पाड्यावर येतील, त्यांची एक वेळची भाकरी पाड्यानं बघावी.